फोन बदलला, पण नंबर तोच आहे

वाचकाचं पत्र: नमस्कार. मी मिरजेला प्राथमिक शाळेत शिकवते. माझे बाबा ७२ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले. गेल्या महिन्यात त्यांच्या व्हॉट्सॲपवर एका नातेवाइकाच्या नंबरवरून 'लग्नपत्रिका' नावाची फाईल आली. त्यांनी उघडली आणि त्याच दुपारी खात्यातून ३८ हजार रुपये गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार केल्यामुळे काही रक्कम गोठवली गेली. आता बाबा म्हणतात, 'मला आपला बटणाचा फोन दे, डोक्याला ताप नको.' मलाही स्वतःसाठी तसंच वाटू लागलंय, कारण फोनवर बोललेल्या गोष्टीची जाहिरात थोड्या वेळात समोर येते. अमेरिकेतला भाऊ 'लाइट फोन' (मोजक्याच सोयी असलेला परदेशी फोन) पाठवतो म्हणतोय. साधा फोन घेतला की आम्ही खरंच सुरक्षित होऊ का? बाबांची पेन्शन, गॅस, बँक सगळं याच नंबरवर आहे. कोणता फोन घ्यावा, आणि घेतल्यावर काय काय करावं?

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी बाबांना सांगा, की यात त्यांनी लाजण्यासारखं काही नाही. नातेवाइकाच्या नंबरवरून आलेली पत्रिका कोण उघडणार नाही? बहुतेक वेळा त्या नातेवाइकाचा फोनही आधीच फसलेला असतो आणि त्याच्या यादीतल्या सगळ्यांना ती फाईल परस्पर गेलेली असते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं, म्हणजे ती पत्रिका नसून ॲप असतं. बसताना ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती मिळाली की बँकेचा ओटीपी बाबांच्या डोळ्यांपुढे यायच्या आत चोराकडे पोचतो.

तो जुना स्मार्टफोन सध्या कुठे आहे? घरात कुणी तो वापरत असेल तर आज थांबवा. सिम काढा, वाय-फाय बंद करा. त्या फाईलचे, व्हॉट्सॲप संदेशाचे आणि बँकेच्या एसएमएसचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, पोलिसांना लागतील. मगच फॅक्टरी रीसेट करा. नुसतं ॲप काढून भागत नाही, कारण यातली बरीच ॲप्स आपलं चिन्ह लपवतात आणि यादीत सापडतच नाहीत. रीसेटनंतर बाबांच्या गूगल खात्याचा पासवर्ड आणि यूपीआय पिन बदला, पण दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून.

आता मूळ प्रश्न. बाबांनी मागितलेला फोन त्यांना जरूर द्या. साध्या बटणाच्या फोनात बाहेरचं एपीके बसतच नाही, त्यामुळे ज्या दाराने चोर आला ते दार कायमचं बंद होतं. पण चोराला बाबांच्या फोनशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला हवा होता बाबांच्या नंबरवर येणारा ओटीपी. फोन बदलला तरी नंबर तोच राहणार, आणि बँक, आधार, पेन्शन, गॅस सगळं त्या नंबरालाच बांधलेलं आहे. म्हणून पुढे आम्ही जे सांगतोय त्यातलं बरंचसं फोनपेक्षा सिमबद्दल आहे. साधा फोन घेऊन निर्धास्त झालेली माणसं नेमकी इथे गाफील राहतात.

फोन निवडताना

दुकानात दोन प्रकार दिसतील. हजार-दीड हजारातले फक्त टूजीवर चालणारे, आणि त्याहून थोडे महाग, फोरजी व्होल्टीवाले, म्हणजे बोलणंही फोरजीवरूनच होणारे. फोरजीचाच घ्या. जिओला टूजीचं जाळंच नसल्यामुळे पहिल्या प्रकारात जिओचं सिम चालत नाही, हे एक कारण. खरं कारण सुरक्षेचं आहे. टूजीमध्ये फोन टॉवरला आपली ओळख पटवून देतो, पण टॉवर खरा आहे की खोटा हे फोनला तपासताच येत नाही. शिवाय त्यातलं कूटलेखन, म्हणजे बोलणं आणि संदेश झाकणारं कुलूप, जुनं आणि फोडलेलं आहे. त्यामुळे गाडीत खोटा टॉवर ठेवून आसपासच्या फोनांना टूजीवर ओढायचं आणि बँकेच्या नावाने थेट एसएमएस टाकायचे, असा धंदा चालतो. लंडनमध्ये २०२४ साली पोलिसांनी असा घरी बनवलेला टॉवर पकडला होता. काही फोरजी बटणफोनांत 'नेटवर्क मोड' असतो. तिथे 'फक्त फोरजी' ठेवा. मात्र आधी बाबांच्या घरात आणि ते रोज जातात त्या रस्त्यावर रेंज मिळते का ते बघा. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम असेल आणि गावाकडे फोरजी क्षीण असेल, तर हा बदल केल्यावर फोन लागणारच नाही.

जिओभारत घेण्याचा विचार असेल तर तो फक्त जिओच्या सिमवर चालतो, एवढं आधी कळलेलं बरं. आणि ज्या फोनात यूट्यूब, यूपीआय, ब्राउझर आहे तो दिसायला बटणाचा असला तरी 'साधा' राहत नाही. एपीके बसणार नाही, पण एसएमएसमधली खोटी लिंक त्यात उघडते. बाबांसाठी ब्राउझर नसलेला फोन मिळाला तर उत्तम. असलाच तर मोबाइल डेटा बंद ठेवा आणि इंटरनेटचा समावेश नसलेला रिचार्ज मारा.

व्हॉट्सॲपवाला बटणफोन शोधू नका. जिओफोन आणि काही नोकिया फोनांत असलेल्या कायओएस प्रणालीवर व्हॉट्सॲप जून २०२४ पासून नव्याने उतरवता येत नाही आणि २०२५ मध्ये जुन्यांचंही बंद झालं. जुने खोके अजून दुकानांत दिसतात आणि त्यावर हिरवं चिन्ह छापलेलं असतं. त्याला भुलू नका.

बंद डब्यातला फोनही तपासा

हे ऐकून दचकायला होतं, पण नव्याकोऱ्या बटणफोनातही कारखान्यातूनच घुसवलेला खोडसाळ प्रोग्राम सापडलेला आहे. २०२१ साली रशियात एका संशोधकाने बाजारातले बटणफोन तपासले. काही फोन मालकाला न कळवता एसएमएस पाठवत होते, काही कुठल्याशा सर्व्हरला विक्रीची खबर देत होते, आणि एका फोनमधून तर त्याच नंबरावर कुणीतरी इंटरनेटवर खाती उघडत होतं. चीनमध्ये झेजियांग प्रांतात पोलिसांनी २०१९ मध्ये असंच प्रकरण उघड केलं. एका नातवाने आजीसाठी घेतलेल्या फोनवर पडताळणीचे एसएमएस येतच नव्हते, तिथून धागा लागला. म्हाताऱ्या माणसांसाठी विकलेल्या ३३ लाखांहून अधिक फोनांत तसा प्रोग्राम होता. तो ओटीपीचे एसएमएस गुपचूप उचलून पुढे पाठवायचा आणि फोनवर दिसू द्यायचा नाही. असा फोन बाबांच्या हातात पडला तर एपीकेपासून सुटून त्याच खड्ड्यात परत पडल्यासारखं होईल.

म्हणून नाव माहीत असलेल्या कंपनीचा फोन, बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. दुकानातच *#०६# दाबा. पडद्यावर १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळखक्रमांक, येतो. तो डब्यावरच्या आणि बॅटरीखालच्या आकड्याशी जुळला पाहिजे. दोन सिमचा फोन असेल तर दोन आकडे येतील, दोन्ही जुळवा. मग इंग्रजीत के-वाय-एम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उलट उत्तरात फोनची कंपनी आणि मॉडेल येतं. हातातला फोन एका कंपनीचा आणि उत्तरात दुसरीच कंपनी, किंवा 'हा आकडा आधीच वापरात आहे' असं आलं, तर फोन परत करा. त्या वेळी दुकानदाराशी घासाघीस करून स्वस्तात घ्यायचा मोह धरू नका.

यानंतर एक आठवडा धीर धरा. बाबांचं बँकेचं सिम लगेच घालू नका. घरात पडलेलं दुसरं चालू सिम घाला, शिल्लक लिहून ठेवा, आणि फोन चार-पाच दिवस नुसता चालू ठेवा. अधूनमधून एखादा फोन करा, त्यावर तुमच्या मोबाइलवरून एक-दोन एसएमएस पाठवा आणि ते पोचतात ना बघा. आठवड्याच्या शेवटी सिम कंपनीच्या ॲपमध्ये किंवा ग्राहकसेवेकडून वापराचा तपशील मागवा. न पाठवलेला एसएमएस किंवा न वापरलेला डेटा दिसला तर फोन संशयित समजा. एक अपवाद आहे. बऱ्याच कंपन्यांचे फोन पहिल्यांदा सुरू झाल्यावर वॉरंटीच्या नोंदीसाठी एक एसएमएस आपोआप पाठवतात. सुरुवातीचा तो एक दिसला तर घाबरू नका. पुन्हा पुन्हा जात असेल तर फोन परत करा.

सिमला कुलूप

सगळ्यात महत्त्वाचं काम हे, आणि शंभरातल्या फार थोड्या लोकांनी ते केलेलं असतं. फोनला सुरक्षा कोड असतो (नोकियात मूळचा १२३४५, तो पहिल्याच दिवशी बदला), पण त्या कोडवर फार विसंबू नका. दुरुस्तीच्या दुकानातली यंत्रं असे कोड सहज वाचतात. आणि चोराला कोडची गरजही नाही. तो सिम काढून स्वतःच्या फोनात घालतो, 'पिन विसरलो' म्हणतो, ओटीपी त्याच्याकडे येतो.

सिम पिन लावला की हे थांबतं. सिम कुठल्याही फोनात घातलं किंवा फोन बंद करून चालू केला, की आधी चार ते आठ आकडी पिन मागितला जातो. नोकियासारख्या फोनात सेटिंग्ज, मग सुरक्षा, मग 'पिन विनंती' चालू करा, असा रस्ता आहे. इतर फोनांत 'सिम लॉक' असं नाव असतं. चालू करताना सध्याचा पिन मागतो. तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून अंदाजाने आकडे दाबू नका. तीनदा चुकला की सिम अडतं आणि पीयूके, म्हणजे अडलेलं सिम उघडायचा कोड, मागतं. पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं निकामी होतं, नवं काढावं लागतं. तेव्हा आधी ग्राहकसेवेला फोन करून मूळ पिन आणि पीयूके दोन्ही विचारून घ्या, मग पिन बदला. नवा पिन जन्मसालाचा नको, आणि यूपीआय किंवा एटीएमचाही तोच नको.

यात एक अडचण येते, ती आधीच सांगतो. बॅटरी पूर्ण उतरली आणि बाबा परगावी असले, तर फोन चालू केल्यावर तो पिन मागेल. त्यांना तो पाठ हवा. पाठ होत नसेल तर तुमच्याकडे आणि घरातल्या एका कागदावर लिहिलेला हवा. फोनच्या पाठीवर चिकटवू नका, बॅटरीखाली चिठ्ठी ठेवू नका. आणीबाणीचा ११२ मात्र पिनशिवायही लागतो. बटणफोनात ५ किंवा ९ हे बटण दाबून धरलं तरी आणीबाणीचा फोन जातो, अशी सोय २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांना बंधनकारक आहे. कोणतं बटण ते बाबांना दाखवा. खिशात चुकून दाबलं जाऊ नये म्हणून कीपॅड लॉक आपोआप पडेल असं ठेवा.

आतली चार सेटिंग्ज

स्वस्त बटणफोनांत काही सोयी सुरुवातीपासूनच चालू असतात आणि त्यांनी घोटाळा होतो. पहिली, कॉलचं आपोआप रेकॉर्डिंग. प्रत्येक बोलणं मेमरी कार्डावर साठत जातं आणि कार्डाला कुलूप नसतं. काढून कुठल्याही संगणकात घाला, सगळं ऐकता येतं. फोनवरून बँकेच्या यंत्राला पिन दाबून सांगितला असेल तर त्या बटणांचे सूरही काही फोनांत रेकॉर्ड होतात, आणि सुरांवरून आकडे काढणं अवघड नाही. हे बंद करा आणि जुनी रेकॉर्डिंग पुसा. मेमरी कार्ड गाण्यांसाठी हवंच असेल तर त्यात फक्त गाणी ठेवा.

दुसरी, बोलणारा कीपॅड. दाबलेला आकडा फोन मोठ्याने उच्चारतो, आणि काही फोन आलेला एसएमएसही वाचून दाखवतात. नजर अधू असलेल्यांना ही सोय वरदान आहे, पण एसटी स्टँडवर बसून ओटीपी सगळ्यांना ऐकू जाईल. बाबांना गरज नसेल तर बंद.

तिसरं, एसएमएस कुठे साठतात ते. 'सिम' निवडलेलं असेल तर थोडक्याच एसएमएसनंतर जागा भरते. जागा भरली की नवा एसएमएस आत येत नाही, आणि लोक म्हणतात 'ओटीपी येतच नाही, फोन खराब आहे.' 'फोन' निवडा आणि महिन्यातून एकदा जुने संदेश पुसा. बँकेचे जुने ओटीपी पडून राहिल्याने धोका नाही, पण खात्याची शिल्लक सांगणारे संदेश मात्र कुणाच्या नजरेला पडू नयेत.

चौथं, तारीख आणि वेळ. बॅटरी काढून घातली की अनेक बटणफोन वेळ विसरतात. आलेल्या फोनांची यादी मग चुकीच्या तारखेने साठते. १९३० वर तक्रार करताना नेमका कधी फोन आला हे सांगावं लागतं, तेव्हा ही यादी कामाची ठरते. वेळ जाळ्यावरून आपोआप घेण्याची सोय असेल तर चालू करा.

ब्लूटूथ बंद ठेवा. आणि फोन संगणकाला किंवा अनोळखी चार्जरला जोडल्यावर 'मास स्टोरेज' की 'कॉम पोर्ट' असा प्रश्न पडद्यावर आला, तर दोन्ही नाकारा. चार्जिंग तरीही होतं.

फोनवर येणारी माणसं

साध्या फोनाला लिंकचं भय कमी, पण बोलण्याचं भय तेवढंच आहे. किंबहुना थोडं अधिक, कारण अनोळखी नंबर कुणाचा हे सांगणारं ॲप त्यात नसतं. 'डिजिटल अटक', वीज तोडण्याची धमकी, केवायसी संपल्याचं सांगणं, हे सगळं नुसत्या आवाजावर सुरू होतं. बँका आता सेवेसाठी १६०० ने सुरू होणारे आणि जाहिरातीसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक वापरतात. दहा आकडी साध्या मोबाइलवरून 'बँकेतून बोलतोय' असं कुणी म्हणालं, तर बाबांनी बोलणं पुढे नेऊच नये. फोन ठेवावा, पासबुकावरच्या नंबरवर स्वतः करावा. हे त्यांच्याशी एकदा प्रत्यक्ष बोलून ठरवा: ओटीपी विचारणारा माणूस आवाजाने कितीही सज्जन वाटो, उत्तर एकच, 'मुलीला विचारून सांगतो.' मोठ्या माणसाला 'कुणाशी बोलू नका' असं दटावण्यापेक्षा असं तयार वाक्य हातात देणं जास्त उपयोगी पडतं.

एसएमएस खरा की खोटा हे ओळखायला पाठवणाऱ्याचं नाव बघा. २०२५ पासून कंपन्यांच्या नावाच्या शेवटी एक आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर येतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. 'खातं बंद होणार' असा एसएमएस दहा आकडी नंबरवरून आला तर तो बँकेचा नाही. वर सांगितलेला खोटा टॉवर हे नावही बनवू शकतो, म्हणून नाव बरोबर दिसलं तरी एसएमएसमध्ये दिलेल्या नंबरला फोन करायचा नाही.

एका युक्तीबद्दल जास्त सांगतो, कारण ती बटणफोनवर फार सोपी आहे. 'तुमचं पार्सल आलंय, डिलिव्हरी बॉयचा नंबर लागत नाही, हा कोड दाबा' असं सांगून *२१* आणि पुढे एक मोबाइल नंबर दाबायला लावतात. दाबला की बाबांचे सगळे फोन त्या नंबरकडे वळतात. मग चोर व्हॉट्सॲप किंवा बँकेकडे 'ओटीपी फोन करून सांगा' असं निवडतो, आणि तो फोन त्याच्याकडे जातो. एप्रिल २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने कोड दाबून कॉल वळवण्याची सोय थांबवायला सांगितलं, तरी अशा फसवणुकी पूर्ण थांबल्या असं समजू नका. *#२१# दाबून वळवणी चालू आहे का ते बघता येतं आणि ##००२# दाबून सगळ्या वळवण्या रद्द होतात. कोडला उत्तर आलं नाही तर ग्राहकसेवेला विचारा. ताऱ्याने सुरू होणारा कोणताही कोड कुणाच्या सांगण्यावरून दाबायचा नाही, हा नियम बाबांना सहज लक्षात राहील.

जाहिरातींचे फोन कमी करायला १९०९ वर फोन करून 'डीएनडी' नोंदवा. सायबर चोर त्याला जुमानत नाहीत, पण गोंगाट कमी झाला की संशयास्पद फोन उठून दिसतो.

पैशांचं काय

बटणफोनवरून यूपीआय करता येतं. *९९# हा कोड इंटरनेटशिवाय चालतो, आणि मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे सुरू केलं, त्यात यंत्राच्या आवाजाला बटणं दाबून उत्तरं देत पैसे पाठवता येतात. *९९# वर एका वेळी पाच हजारांची मर्यादा आहे, १२३पे वर ती दहा हजारांपर्यंत वाढवली गेली. पण *९९# वर पिन टाकताना आकडे पडद्यावर उघडे दिसतात, तारकांनी झाकले जात नाहीत. रेंज कमकुवत असेल तर मधेच व्यवहार तुटतो. अशा वेळी लगेच पुन्हा पाठवू नका. आधी शिल्लक तपासा, नाहीतर दोनदा पैसे जातात. १२३पेचा क्रमांक बँकेच्या शाखेतून घ्या, इंटरनेटवर शोधून मिळालेला नको.

आमचं स्पष्ट मत असं, की बाबांना रोजची खरेदी रोखीने जमत असेल तर त्यांच्या नंबरवर यूपीआय ठेवूच नका. पेन्शन येते ते खातं फक्त येण्यासाठी ठेवा, ऑनलाइन व्यवहार शाखेत अर्ज देऊन बंद करा, आणि दुसऱ्या लहान खात्यात महिन्याचा खर्च वळवा. एटीएम कार्ड त्या लहान खात्याचंच पाकिटात असू द्या. हयातीच्या दाखल्यासाठी स्मार्टफोन लागत नाही. एसटीची ईपीएस (पीएफ कार्यालयाकडून येणारी) पेन्शन असेल तर बँकेत, पोस्टात किंवा सेवा केंद्रात अंगठा देऊन जीवन प्रमाणपत्र निघतं, आणि ते दिल्यापासून वर्षभर चालतं.

नातवंडांचे चेहरे

बाबांना व्हिडिओ कॉल सोडायला लावू नका. माणूस एकटा पडला की फोनवरच्या गोड बोलणाऱ्याला जास्त बळी पडतो. घरच्या वाय-फायवर चालणारा एक टॅबलेट ठेवा आणि त्यातलं व्हॉट्सॲप बँकेशी संबंध नसलेल्या दुसऱ्या नंबरवर चालू करा. उद्या त्यावर पुन्हा पत्रिका आली आणि उघडली गेली, तरी बँकेचा ओटीपी त्या टॅबलेटवर येतच नाही. तो बाबांच्या खिशातल्या बटणफोनात येतो. हे दोन वेगळे ठेवणं, आमच्या मते, तुमच्या घरासाठी सगळ्यात भक्कम उपाय आहे. टॅबलेटवर 'अनोळखी ॲप बसवणे' बंद ठेवा आणि व्हॉट्सॲपला सहा आकडी द्विस्तरीय पिन लावा. बाबांच्या बँकेच्या नंबरवरचं व्हॉट्सॲप खातं रीतसर मिटवा. तसंच सोडलं तर लोक त्यावर संदेश पाठवत राहतात आणि ते कुणी वाचत नाही.

तुमच्या स्वतःसाठी

ताई, तुमचा प्रश्न बाबांच्यापेक्षा वेगळा आहे. त्यांना चोरांपासून वाचायचंय, तुम्हाला जाहिरात कंपन्यांच्या नजरेतून सुटायचंय. बटणफोनाने ॲपवाल्यांकडे जाणारी माहिती, तुमचं फिरणं, संपर्कयादी, आवडीनिवडी, हे खूपच आटतं. पण सिम कंपनीला तुम्ही दिसतच राहता. कोणत्या टॉवरवर होतात, कुणाला किती वेळ फोन केला याची नोंद कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवावी लागते. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते: व्हॉट्सॲपवरचा मजकूर मधल्या कुणालाही वाचता येत नाही, साधा एसएमएस मात्र कंपनीच्या यंत्रणेत उघडा असतो. व्हॉट्सॲप सोडून एसएमएसवर आलात तर जाहिरातींपासून दूर जाल, पण मजकुराची गुप्तता कमी होईल. घरातले पासवर्ड, आधारचे आकडे, मुलांच्या शाळेची माहिती एसएमएसने पाठवू नका.

भावाने सुचवलेला लाइट फोन चांगल्या हेतूने बनवलेला आहे. त्यात ब्राउझर नाही, ईमेल नाही, आतमध्ये अँड्रॉइडचाच सांगाडा आहे. स्वित्झर्लंडच्या पुंक्ट कंपनीच्या एमपी०२ मध्ये 'सिग्नल' या संदेशांच्या ॲपचे संदेशही चालतात. पण परदेशी फोन इथल्या कंपन्यांच्या व्होल्टीवर चालेलच असं नाही, आणि जिओवर व्होल्टी नसेल तर साधं बोलणंही होत नाही. दुरुस्तीसाठी मिरज-सांगलीत कुणी सापडणार नाही. शाळेची हजेरी, शासनाची ॲप्स, पालकांचे गट तुम्हाला टाळता येणार नाहीत, तेव्हा भावाचे पैसे वाचवा. सध्याचाच स्मार्टफोन हलका करा: जाहिरातीचा ओळखक्रमांक सेटिंगमधून पुसा, मायक्रोफोनची आणि ठिकाणाची परवानगी ज्या ॲपला लागत नाही तिथून काढा, खरेदीची आणि समाजमाध्यमांची ॲप्स काढून ती ब्राउझरमधून वापरा. अँड्रॉइड नवं असेल तर सिमच्या सेटिंगमध्ये टूजी बंद करायचं बटण मिळेल, तेही दाबा.

हरवलाच तर

क्रम महत्त्वाचा. पहिला फोन सिम कंपनीला, सिम बंद करा. दुसरा बँकेला. पैसे गेल्याचं दिसलं तर लगेच १९३०, तासाभराचा उशीरही महाग पडतो. मग पोलिसांत तक्रार, त्याच नंबरचं नवं सिम, आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आयएमईआय टाकून फोन बंद करण्याची विनंती. तिथे तक्रारीची प्रत लागते आणि ओटीपी येतो, म्हणून नवं सिम आधी. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणून हा ओटीपी त्यानंतरच मिळेल. ते बिघाड नाही, चोराने सिम बदलून घेतलं तर मालकाला वेळ मिळावा म्हणून केलेली सोय आहे. उलट, तुम्ही काहीच केलं नसताना बाबांच्या फोनची रेंज अचानक गेली आणि तासाभरात परतली नाही, तर तुमच्या फोनवरून ग्राहकसेवेला विचारा की त्यांच्या नावाने नवं सिम निघालंय का.

त्याच संकेतस्थळावर बाबांच्या नावावर किती सिम आहेत हेही दिसतं. संगणक तुमचा, ओटीपी त्यांच्या बटणफोनवर, दोन मिनिटांचं काम आहे. आधारची झेरॉक्स ठिकठिकाणी दिलेल्या माणसाच्या नावावर अनोळखी सिम निघालेलं सापडतं. तसं दिसलं तर तिथेच 'हा माझा नंबर नाही' निवडून टाका.

या सगळ्यासाठी लागणारे आकडे एका कागदावर लिहा: आयएमईआय, सिमच्या ग्राहकसेवेचा नंबर (दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून लागणारा), बँकेचा नंबर, १९३०, आणि तुमचा. सिमचा पिन आणि पीयूके वेगळ्या कागदावर. पहिला कागद बाबांच्या पासबुकात, दुसरा तुमच्या कपाटात.